सान्तियागूला कुठे पुरायचं?

१

सान्तियागू मेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या हातात दिवसातली पहिली कॉफी होती. ती तशीच निवून गेली.

मी इन्नासी. मणल्करैच्या चर्चचा उपदेसियार. पोरांना प्रार्थना शिकवायच्या, घंटा वाजवायची, वेदी मांडायची आणि गावात कुणी मेलं की त्याला न्हाऊ घालायचं, हे माझं काम. मिस्सा, म्हणजे सकाळची सामूहिक प्रार्थना, संपल्याशिवाय मी काही तोंडात घालत नाही, आणि त्या शुक्रवारी मिस्सा पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाली होती. फादर विसेन्तींच्या मिस्सेवर लोक घड्याळं लावत. असा माणूस त्या दिवशी सहा वाजून गेले तरी दारात उभा राहून किनाऱ्याच्या वाटेकडे बघत होता.

"सामी," शेवटी मीच म्हणालो (फादरना आम्ही सामी म्हणतो), "अकरा म्हाताऱ्या गुडघ्यांवर आहेत. त्यांतल्या दोघींचे गुडघे आता उठायचे नाहीत."

तेव्हा कुठे ते आत आले. मी वेदीवर अकरा पवित्र चकत्या, प्रसादाच्या पातळ भाकऱ्या, मांडल्या होत्या. रोज घेणाऱ्या अकराच, मला तोंडपाठ. सामींनी डब्यातून आणखी एक काढून त्यांत ठेवली. कुणी पाहुणा येणार असेल असं समजून मी गप्प बसलो. पाहुणा काही आला नाही. उरलेली ती चकती शेवटी सामींनीच घेतली.

सात वाजता बातमी आली. किनाऱ्यावर जाळी ठेवायच्या झोपडीत, जिथे तो राहायचा, तिथे सान्तियागू उताणा पडला होता. अंगावर धुतलेलं पांढरं धोतर, पांढरा सदरा. शेजारी नीरेचा ताडपानाचा द्रोण आणि त्याच्या तळाशी पिवळ्या कण्हेरीच्या वाटलेल्या बियांचा गाळ. नऊ वाजता तूत्तुकुडीहून कस्टमची जीप आली आणि सान्तियागूचं नाव विचारू लागली. मग काय, हाताच्या कांकणाला आरसा कशाला! अठरा वर्षं सिलोनहून चोरटा माल आणणारा माणूस. जीप येणार हे कळलं, पांढरे कपडे घातले आणि स्वतःच स्वतःचं मरण नेसून बसला, असं गाव म्हणालं. फौजदाराने तेच कागदावर लिहिलं.

जीव दिलेल्याला आमच्या स्मशानात जागा नाही. त्याला कुंपणाबाहेर काटेरी बाभळीत पुरतात. तिथे प्रार्थना नाही, क्रूस नाही, शेळ्या चरतात. सान्तियागूची आई कित्तेरियम्मा चर्चच्या अंगणात येऊन सामींच्या पायांवर पडली.

"विसेन्ती, माझ्या पोराला आत घे रे. तुझ्याच ताटात जेवलाय तो."

खरंच जेवला होता. विसेन्तीची आई बाळंतपणात गेली आणि कित्तेरियम्माने दोघांना एकाच वेळी अंगावर पाजलं. सामी तिला आजही 'आत्ता' म्हणजे आईच म्हणत. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"नियम आहे, आत्ता," सामी जमिनीकडे बघत म्हणाले. "पाच वाजता. कुंपणाबाहेर."

मला त्या क्षणी त्यांची किळस आली. लपवत कशाला? आली. या दोघांना प्रार्थना मी शिकवल्या होत्या. पोलिसांच्या गोळ्या कानाजवळून गेल्या तरी वल्हं न सोडणारा सान्तियागू एका जीपला घाबरला, हे माझ्या गळ्याखाली उतरेना. पाच वाजायला सात तास होते.

२

कित्तेरियम्मा चुलीजवळ बसली होती. चूल थंड होती.

"रात्री कुठे होता तो?" मी विचारलं.

"इथे. अठरा वर्षांत पहिल्यांदा. हरामाचा पैसा माझ्या उंबऱ्याच्या आत नको म्हणून मीच त्याला बाहेर ठेवलं होतं ना. काल दिवेलागणीला आला. म्हणाला, आत्ता, आज इथे झोपू? मी म्हटलं, झोप बाबा, घर काय मी डोक्यावर घेऊन जाणार आहे?" तिने डोळे पुसले. "जेवला. धोतर धुवायला दिलं. म्हणाला, पांढरं स्वच्छ कर. मला काय ठाऊक कशासाठी ते!"

"बोलला काही?"

"हसला. खूप दिवसांनी हसला."

"आणि सकाळी?"

तिने थंड चुलीतली राख काडीने उकरली. मग जे बोलली ते तिला टोचत होतं हे दिसत होतं.

"पहाटे उठला. मी तांब्या दिला. इन्नासी अण्णा, त्याने हात मागे घेतला. राखुंडीने दात घासले आणि नुसता थुंकला. चूळसुद्धा भरली नाही. माझ्या हातचं पाणी नको झालं त्याला. मी म्हटलं, एवढा राग? तर म्हणाला, आत्ता, झोपडीतला सदरा घालतो आणि येतो तासाभराने, मग दे. मरायला निघालेलं माणूस पाणी घेत नाही म्हणतात. अठरा वर्षं मी बाहेर ठेवलं त्याचा सूड घेतला त्याने."

घोटभर पाण्यापायी ती म्हातारी जन्मभर जळणार होती. मी उठलो आणि प्रेताकडे गेलो.

३

प्रेत चर्चच्या मागच्या पडवीत ठेवलं होतं. न्हाऊ घालायला मी एकटाच. जीव दिलेल्याला हात लावायला आमच्याकडे कुणी पुढे येत नाही.

आधी मुंग्या दिसल्या. नीरा गोड, मुंग्या लागणारच. पण त्या सदऱ्यावर नव्हत्या. उजव्या कानात होत्या, मानेच्या मागच्या केसांत होत्या. ओठाच्या कोपऱ्यातून कानापर्यंत चिकट ओघळ वाळला होता. बसून पिणाऱ्याच्या तोंडून सांडलं तर छातीवर येतं. कानाकडे जायला माणूस उताणा पडलेला हवा, आणि उताणं पडून नीरा कोण पितं?

मग मी नाक पुसलं. कापसावर वाळू आली. पुन्हा पुसलं, पुन्हा वाळू. दातांच्या फटीत वाळू, पापण्यांच्या आत वाळू. माणूस सापडला पाठीवर, आणि वाळू चेहऱ्यात!

फौजदार पडवीच्या टोकाला इडली खात होते. मी कापूस दाखवला.

"विष चढलं की माणूस लोळतो, उपदेसियार. लोळला, वाळू गेली."

"सदरा बघा साहेब. लोळणाऱ्याचा सदरा इतका पांढरा राहतो?"

"म्हातारपणी फार वाचू नका." त्यांनी बोटं चाटली. "त्याला जिवंत शेवटचा पाहणारा साक्षीदार आहे माझ्याकडे. दासनेविस. त्याच्या डोळ्यांदेखत द्रोण प्यायला तो. अजून काय पाहिजे?"

४

दासनेविस हा सान्तियागूचा धंद्यातला भागीदार. पंधरा वर्षं एका होडीत बसलेला, त्याला 'मच्चान', म्हणजे दोस्त, म्हणणारा. मी गेलो तेव्हा तो झोपडीबाहेर डोकं धरून बसला होता. मे महिन्यात आमच्याकडे दासनेविससारखे लोक अंगावर चिरगूट ठेवत नाहीत. आज त्याने पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मनगटाची बटणं लावली होती. शोकात माणसं नीट कपडे घालतात, असं म्हणून मी ते तेवढ्यावर सोडलं.

"काय सांगू उपदेसियार! पहाटे आला. सुडलैने नीरा आणून त्याच्या हातात दिली. रोज तो दोन द्रोण पितो, तुम्हाला माहीतच आहे. मी समोर बसलेलो. मच्चान हसत हसत दोन घोटांत प्यायला. म्हणाला, आत्ताकडे लक्ष ठेव. मला वाटलं थट्टा करतोय. मी होडीकडे गेलो, परत येतो तर…" त्याला रडू फुटलं. ते रडू खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन.

"चूळ भरली होती त्याने?"

"हा काय प्रश्न? भरली असेल. मग नीरा प्यायला."

तिथून मी ताडांच्या बनात गेलो. नीरा काढणारा सुडलै ताडावर चढलेला. खालून ओरडलो तर वरून म्हणाला, "तुमच्या देवाला नीरा पाहिजे का आता?"

"खाली उतर, गाढवा. सकाळी सान्तियागूला द्रोण तू दिलास?"

तो सरसर खाली आला. चेहरा उतरला होता. "मी नाही दिला. झोपडीपर्यंत गेलोच नाही. दासनेविस अर्ध्या वाटेवर उभा होता. म्हणाला, दे इकडे, मीच देतो मच्चानला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो वाटेपर्यंत आला. मी म्हटलं, बरं झालं, पाय वाचले." मग हळू आवाजात म्हणाला, "फौजदार म्हणाले विष माझ्या मडक्यातलं. उपदेसियार, मला धरतील का?"

"आत्महत्या लिहिली आहे. तुला कशाला धरतील?"

पण सुडलै खरं बोलत असेल तर दासनेविस खोटं बोलत होता. आणि तरीही एक गोष्ट उरत होती. ज्याला विष पाजता येतं, त्याचं नाक वाळूत दाबायची गरज काय? रोज दोन द्रोण पिणारा माणूस आजच का प्यायला नाही?

जाता जाता कस्टमचा अधिकारी भेटला. जीपच्या सावलीत पंख्याने वारा घेत होता. मी विचारलं, "साहेब, तुम्हाला खबर कुणी दिली?"

"कुणी कशाला देईल? त्यानेच चिठ्ठी पाठवली, सान्तियागूने. शुक्रवारी नऊ वाजता या, माल कुठे पुरलाय ते मी स्वतः दाखवतो, असं लिहिलं होतं. आणि आलो तर हे!"

५

तीन वाजता मी सामींच्या खोलीत गेलो. दार न वाजवता गेलो, कारण माझा राग अजून उतरला नव्हता. ते खुर्चीवर बसले होते आणि समोरचं जेवण तसंच होतं.

"सामी, त्याने जीव दिला नाही."

त्यांनी वर पाहिलं. "पुरावा आहे?"

"आहे, पण अर्धा. तो नीरा का प्यायला नाही, तेवढं कळत नाही. तुम्हाला काही ठाऊक आहे?"

"मी काही बोलू शकत नाही, उपदेसियार."

"बोलू शकत नाही की बोलायचं नाही? धर्मगुरूंच्या शाळेत जाताना तुमची लोखंडी पेटी कुठून आली होती? सहा पांढरे झगे, गादी, कांबळं? सोळा वर्षांचा सान्तियागू पहिल्यांदा सिलोनला गेला तो त्या पेटीसाठी. गावात कुणाला माहीत नसेल, मला आहे!"

"मला नाही का?" ते ओरडले. मी त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. मग तो खाली आला. "बोलू शकत नाही. एवढंच सांगतो. विचारू नका."

धर्मगुरू कशाबद्दल बोलू शकत नाही? जगात अशी एकच गोष्ट आहे: जे त्याने पापांच्या कबुलीत ऐकलं ते. गळा कापला तरी ते बाहेर येत नाही.

मी दारातच थांबलो. काल संध्याकाळी मी शेजारच्या वाडीत आजाऱ्याकडे गेलो होतो. चर्च रिकामं होतं; कुणी कबुलीला येऊन गेलं असतं तरी मला कळलं नसतं. सकाळी मिस्सेला उशीर, किनाऱ्याच्या वाटेकडे नजर. अकरा म्हाताऱ्या आणि बारा चकत्या. धुतलेलं पांढरं धोतर. आणि न भरलेली चूळ.

तीस वर्षं मी गावातल्या पोरांना हेच घोकवतोय! ज्याला सकाळी ख्रिस्ताचं शरीर, म्हणजे ती चकती, घ्यायची आहे, त्याने मध्यरात्रीनंतर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. चूळ भरताना थेंब घशात गेला तरी उपास मोडतो, तेव्हा चूळही भरू नका रे पोरांनो. सान्तियागू आठ वर्षांचा असताना त्याला हे मीच शिकवलं होतं. तो ते विसरला नाही. मी मात्र तो सान्तियागू आहे एवढ्यावरून विसरलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी सामींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी एकही प्रश्न विचारला नाही.

६

साडेचारला अंगणात गाव जमलं होतं. बाहेर बाभळीत खड्डा तयार होता. मी फौजदारांना म्हटलं, "साक्षीदाराला एकदा सगळ्यांसमोर बोलू द्या."

दासनेविस बोलला. तेच सगळं. हसत हसत दोन घोटांत.

"मग ऐका," मी म्हणालो. "सान्तियागूने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आईने दिलेलं पाणी घेतलं नाही, चूळ भरली नाही. कपडे धुवून घेतले. म्हणाला, तासाभराने येतो, मग दे. आपल्यात असं कोण करतं? कधी करतं?"

मग अकरांतल्या एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! तो मिस्सेला येणार होता!"

"अठरा वर्षांत पायरी न चढलेला?" फौजदार म्हणाले.

"आज सकाळी वेदीवर बारा चकत्या होत्या, साहेब. अकरा मी ठेवल्या. बारावी कुणी ठेवली ते मी विचारणार नाही, तुम्हीही विचारू नका. त्याने कस्टमला स्वतः बोलावलं होतं, ते साहेब इथेच उभे आहेत. जो माणूस सहा वाजता देवासमोर आणि नऊ वाजता सरकारसमोर उभा राहणार, तो पाच वाजता विष का पिईल? तो प्यायला नाही. ज्याने नीरेत विष कालवलं त्याला त्याची रोजची सवय माहीत होती, पण कालची संध्याकाळ माहीत नव्हती. द्रोण पुढे केला, सान्तियागूने नको म्हटलं. नऊच्या आत काम उरकायचं होतं. मग त्याचं तोंड वाळूत दाबलं, मग उताणा करून नीरा ओतली. ती कानाकडे गेली. साहेब, दासनेविसच्या बाह्या वर करा."

दासनेविस पळाला नाही. फौजदाराने बटणं तोडली. दोन्ही मनगटांवर नखांचे लांब ओरखडे होते.

"तो सगळा माल देऊन टाकणार होता," दासनेविस म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "परवा मला म्हणाला, मच्चान, आपण दोघं तुरुंगात जाऊन येऊ, मग मोकळे. मला पोरं आहेत, उपदेसियार. पंधरा वर्षांत त्याने माझ्या हातचं कधी नको म्हटलं नाही. आज म्हणाला, आता नको, नंतर पिऊ. का ते सांगितलं नाही. लाजला असेल. मिस्सेला जातोय एवढं सांगितलं असतं तर…"

"तर सोडलं असतंस?"

त्याने खरंच विचार केला. "नाही. परत येईपर्यंत थांबलो असतो."

कित्तेरियम्मा उभी होती. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती माझ्याजवळ आली आणि तिने माझा हात इतका घट्ट धरला की दुखलं. "माझ्यावर राग नव्हता ना मग? पाण्याचा?"

"नव्हता," मी म्हणालो. "तुझ्या हातचं पाणी तो मिस्सेनंतर पिणार होता."

तेव्हा कुठे ती मोठ्याने रडली.

७

सान्तियागूला आत पुरलं, तिच्या नवऱ्याशेजारी. खड्डा नव्याने खणायला सामी स्वतः उतरले. झग्याला चिखल लागला, हाताला फोड आले, पण फावडं कुणाला दिलं नाही. प्रार्थना त्यांनी स्पष्ट म्हटल्या, आवाज कुठेही कापला नाही. मला वाटलं आता माणूस सुटला.

अंत्यविधीनंतर आम्ही दोघं कित्तेरियम्माला घरी पोचवायला गेलो. शेजारणींनी भात आणि मासे आणून ठेवले होते. ती वाढायला बसली. सामी उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आत्ता, एक सांगायचंय. हे कबुलीतलं नाही. त्यानंतरचं आहे, चर्चच्या पायऱ्यांवरचं, म्हणून सांगता येतं." ते भिंतीला हात लावून उभे होते. "काल त्याने मला विचारलं, विसेन्ती, आजची रात्र तुझ्या पडवीत झोपू? सकाळी सोबतच मिस्सेला जाऊ. मी नको म्हटलं. रविवारी बिशप येणार आहेत. चोरट्या मालाचा माणूस धर्मगुरूच्या पडवीत दिसला तर लोक काय म्हणतील, असा विचार केला. म्हटलं, घरी जा. सकाळी तो आला नाही, मग बातमी आली. मला वाटलं, मी घालवून दिलं म्हणून त्याने जीव दिला. म्हणून मी कुंपणाबाहेर म्हटलं. मला तोंड वर करायची लाज वाटत होती. आता कळलं की जीव दिला नाही. पण पडवीत झोपला असता तर तो किनाऱ्यावर गेलाच नसता. माझ्यासोबत आला असता."

मी म्हातारीकडे पाहिलं. तिच्या हातात भाताचा डाव तसाच होता. ती रागावेल, शिव्या देईल, असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू घालवून दिलंस म्हणून तो माझ्याकडे आला," ती म्हणाली. "अठरा वर्षांनी एक रात्र माझ्या घरात झोपला. मी चार वेळा उठून बघितलं. ती रात्र तू मला दिलीस, विसेन्ती. आत ये, जेव."

सामी आत आले. जमिनीवर बसले. तिने भात वाढला आणि त्यांनी तो खाल्ला, सगळा खाल्ला, एकेक घास गिळताना मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या. ती समोर बसून "अजून घे" म्हणत होती. मला ते बघवेना, म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

पुढच्या महिन्यात त्यांनी बिशपकडे बदली मागितली. ती मिळाली नाही. पुढची एकवीस वर्षं, कित्तेरियम्मा मरेपर्यंत, ते रोज दुपारी तिच्या घरी जेवायला जात होते.